सासऱ्यांच्या विहिरीतलं पान

"थांबा" हा शब्द मी आयुष्यात फारसा मोठ्याने उच्चारलेला नाही. रिक्षावाले माझ्या "थांबा"ला थांबत नाहीत, एसटीवाले तर मुळीच नाही, आणि ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथल्या ग्रंथालयात मोठ्याने बोलायला मीच बंदी घातलेली आहे. त्यामुळे सिद्धगडाच्या पायथ्याशी, माझ्या सासुरवाडीत, अर्धवट खणलेल्या विहिरीच्या काठावरून मी "थांबा!" असं ओरडलो आणि यारी खरोखरच थांबली, तेव्हा पहिला धक्का मला बसला. यारी म्हणजे विहिरीतला फुटलेला दगड लोखंडी डब्यातून वर ओढणारं यंत्र. भरलेला डबा अधांतरी लटकत राहिला. खालची माणसं वर बघू लागली. माझे सासरे देवजीमामा तंबाखू मळता मळता थांबले. आपलं कुणीतरी ऐकतं म्हटल्यावर माणसाला चटक लागते. पुढचं सगळं त्या चटकेचं फळ आहे.

"काय झालं दाजी? साप हाय का?" माझा मेव्हणा पंकज धावत आला.

"नाही. पान आहे."

पंकजने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पानासाठी थांबवलं?"

मी त्याला आधीच्या डब्यातून ओतलेल्या ढिगातला, हातात घेतलेला दगड दाखवला. तळहाताएवढी करडी चीप, आणि तिच्यावर काळ्या शाईने काढल्यासारखं एक पान. मधून देठ, देठाला फाटे, फाट्यांना आणखी बारीक फाटे. इतकं नाजूक, की फुंकर मारली तर हलेल असं वाटावं. मला भूगर्भशास्त्र येत नाही. पण जीवाश्म वनस्पतींच्या पुस्तकांचा वर्गांक ५६१ आहे हे मला झोपेतसुद्धा सांगता येतं, आणि आमच्या ग्रंथालयात त्या क्रमांकावर एकही पुस्तक नाही, हे दुःखही मी बरीच वर्षं बाळगून आहे. इथे साक्षात ५६१ माझ्या हातात होता.

मी विहिरीच्या काठावर उभ्या उभ्या छोटंसं व्याख्यान दिलं. हे पान म्हणजे जीवाश्म. सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा येऊन गेला, मग झाडं उगवली, मग दुसरा लाव्हा आला आणि पान मध्ये सापडलं.

"सहा कोटी वर्सं," देवजीमामा विचारात पडले. "तवा ही जमीन कोणाच्या नावावर व्हती?"

"मामा, तेव्हा माणूसच नव्हता."

"मंग सातबारा कोरा असंल," बांधापलीकडचे नथूभाऊ म्हणाले. ते रोज विहीर बघायला येत आणि आपल्या विहिरीपेक्षा ही उथळच राहणार असा धीर देत. "पण जावई, तुमी हे कळवून टाका. नायतर सरकार मागून येतं नि मंग लय इचारतं."

हा सल्ला मला पटला, हे मी आधीच सांगून टाकतो.

यारीवाला चंदर तेवढ्यात चहा पिऊन आला होता. त्याने नम्रपणे विचारलं, "साहेब, चालू करू का?" मी म्हणालो, जरा हळू करा, आणि असे दगड दिसले तर बाजूला ठेवा. त्याने ते इतकं मनावर घेतलं की संध्याकाळी माझ्यापुढे एक गोणभर दगड होते. कशावर पान होतं, कशावर फांदी होती, आणि बऱ्याच दगडांवर काहीच नव्हतं. पण "नीट बघा, कळंल," असं त्याचं म्हणणं पडलं. मी नीट बघत गेलो तसं मला त्या कोऱ्या दगडांवरही काहीतरी दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ती गोण घेऊन मी मुरबाडहून शहापूरच्या एसटीत चढलो. कंडक्टरने गोण पायाने ढकलून पाहिली. गोण हलली नाही, तो हलला.

"काय आहे यात?"

"पानं," मी अभिमानाने म्हणालो.

"कसली पानं?"

"ते अजून ठरायचंय."

त्याने गोणीचं तोंड उघडलं. "हे दगड आहेत."

"दगडच, पण पानांचे."

"मग पानं कशाला सांगता? लगेज लागेल."

"पानांना लागलं नसतं का?"

"पानं असती तर कसली आहेत ते सांगायला लागलं असतं," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात एक जण पानं म्हणून चढला, आतून कोंबड्या निघाल्या." सगळी एसटी माझ्याकडे वळून पाहत होती. किन्हवलीपर्यंत शेजारची बाई आपली पिशवी माझ्या गोणीपासून दूर धरून बसली होती.

घरी मी दगड धुतले आणि गॅलरीत वाळत घातले. आमच्या सोसायटीत खाजगी असं काही वाळत नाही. तासाभरात पहिल्या मजल्यावरचे भगीरथकाका चष्मा घेऊन हजर झाले. ते निवृत्त कंपाउंडर आहेत आणि कुठल्याही गोष्टीचं निदान आधी करून मग ती बघतात.

"शेवगा," ते म्हणाले.

"काका, हा शेपू आहे," खालचा झेरॉक्सवाला जीवन म्हणाला. तो लिफ्ट नसूनही वर आला होता.

"शेपू असा फाटतो का? तू शेपू खाल्लायस का कधी?"

"खाल्लाय म्हणूनच सांगतोय."

वाद वाढला. मुळात मी नेचा, म्हणजे फर्न, धरून चाललो होतो, पण ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. शेवटी त्यांनी माझ्या बायकोला, रंजिताला बोलावलं. तिने पदराला हात पुसत दगड हातात घेतला, उजेडात धरला, उलटा करून पाठ पाहिली. आम्ही तिघंही श्वास रोखून होतो.

"अहो, मी कपडे कुठे वाळत घालू?" ती म्हणाली.

कॉलेजात मी वनस्पतीशास्त्राच्या सोनालीमॅडमना गाठलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "सर, याला मधली शीर नाहीये. आणि फांद्या दगडाच्या चिरेपासून सुरू होतात. पान असं काठापासून उगवत नाही हो."

"तेव्हाची पानं उगवत असतील."

"असतीलही," त्या समजूतदारपणे म्हणाल्या. "मला जिवंत पानं कळतात. तुम्ही भूगोलाच्या सरांना विचारा." भूगोलाचे सर म्हणाले, दगड माझा विषय आहे, पण त्याच्यावरचं पान माझ्या अभ्यासक्रमात नाही. माझ्या हातातल्या एका दगडाचे असे दोन विभाग झाले आणि मध्ये मी उरलो. सोनालीमॅडमनी मात्र एक केलं. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर दीपेश म्हणून एक भूशास्त्रज्ञ पुण्याला असतात, मूळचे सरळगावचे, त्यांना फोटो पाठवते म्हणाल्या. मी तेवढी वाट बघायला हवी होती. पण माझ्या डोक्यात नथूभाऊ होते.

मी कळवायला गेलो. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण मी बऱ्याच कचेऱ्यांत गेलो आणि आता त्या माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिल्या टेबलाने विचारलं, दगड किती ब्रास? मी म्हणालो, गोणभर. मग ते आमच्याकडे येत नाही, आणि मुळात पान आहे तर झाडांच्या लोकांकडे जा. झाडांच्या लोकांनी विचारलं, झाड तोडलंय की पडलंय? मी म्हणालो, गाडलं गेलंय. कधी? मी काळ सांगितला. तो साहेब शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे इतकं जुनं प्रकरण नाही." मग दयेने विचारलं, "साग आहे का?" नाही म्हणालो. "मग कशाला काळजी करता?"

इथेच मी घरी आलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काळजी करू नका असं कुणी म्हटलं की माझा अपमान होतो. मी तिसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हीच चूक झाली. ते पंख्याखाली मागे रेलून म्हणाले, "चांगलं केलंत कळवलंत. वरती विचारतो. तोपर्यंत काम बंद ठेवा."

"कुठलं काम?"

"विहिरीचं. आत आणखी पानं असली तर?"

सांगायला गेलो होतो मी, ऐकून आलो होतो मी, आणि आता गावात जाऊन निरोप द्यायचा होता तोही मीच. बाहेर पडल्यावर मी उसाचा रस घेतला आणि ग्लास हातात धरून विचार केला, की नक्की काय घडलं? एका सज्जन माणसाने, कुणीही विचारलेलं नसताना, स्वतःच्या पायांनी जाऊन, स्वतःच्या सासऱ्यांची विहीर बंद पाडली होती. मे महिना अर्धा सरला होता.

सासुरवाडीत निरोप ऐकल्यावर देवजीमामांनी तंबाखूची डबी माझ्यापुढे न करताच कमरेला खोचली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पंकज उठून गोठ्याकडे गेला. माझ्या सासूबाई, धोंडीमामी, चुलीपुढून म्हणाल्या, "जावई, पान कोणाचं हाय ते कळलं का?"

"अजून नाही, मामी."

"मंग कोणाचं हाय ते ठावं नसताना पाणी कोणाचं थांबवलं?"

गावची सार्वजनिक विहीर तळाला गेली होती. ओहोळातल्या झऱ्यावर हंडे भरायला बाया रांग धरून बसत. देवजीमामांनी ही विहीर खणायला काढली होती ती मामींच्या गुडघ्यांसाठी, हे मला रंजिताने त्या दिवशी सांगितलं. आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पानाबद्दल सांगत होतात ना." आणि ती माहेरी राहिली, आईला पाणी भरायला. मी एकटा शहापूरला आलो. गॅलरीत दगड होते, दोरीवर कपडे नव्हते. भगीरथकाका दारातून डोकावून म्हणाले, "शेवगाच आहे हो, मी पुन्हा विचार केला."

रविवारी मी पुन्हा गेलो आणि प्रायश्चित्त म्हणून हंडा मागितला. खांद्यावर हंडा घेऊन ओहोळाची चढण चढताना अर्धं पाणी माझ्या पाठीवरून गेलं. झऱ्यावरच्या बायांनी तोंडाला पदर लावला. चिमी नावाची एक म्हातारी, जवळच्या वाडीवरची, तिने तर पदरही लावला नाही. "दादा, हंडा भरूनशान आणलास का भिजूनशान?" असं विचारून ती पोट धरून हसली. मामींनी माझ्या हातातला हंडा काढून घेतला आणि मला कोरडं धोतर दिलं. दुपारभर मी ओटीवर सासऱ्यांचं धोतर नेसून बसलो होतो. ग्रंथपालाला या वेषात कुणी ओळखलं नसतं, एवढाच दिलासा.

इकडे यारी रिकामी बसवणं चंदरला परवडत नव्हतं. तो ती घेऊन शेणव्याला दुसऱ्याच्या विहिरीवर निघून गेला होता. आमच्या विहिरीवर खोपटाएवढा दगडांचा ढीग आणि त्याच्यावर बसलेले नथूभाऊ, एवढंच उरलं होतं. "मी नुसतं कळवा म्हनलं व्हतं," ते मला पाहून म्हणाले. "एवढं कळवा नव्हतं म्हनलं."

आणि मग डॉक्टर दीपेश आले. स्वतःच्या मामाच्या गावी लग्नाला आले होते, वाट वाकडी करून मोटरसायकलवर आले. ते येणार असं सोनालीमॅडमनी आधीच कळवलं होतं, त्यामुळे गोण शहापूरहून परत आणली होती. (तोच कंडक्टर. या वेळी त्याने नुसतं "पानं?" एवढंच विचारलं आणि तिकीट फाडलं.) डॉक्टरांनी ढिगावर उकिडवं बसून एकेक दगड उचलला, थुंकी लावून घासला, भिंगाखाली धरला. सगळं घर भोवती उभं होतं.

"सर," ते मला म्हणाले, आणि त्या "सर"मध्येच मला काय ते कळलं. "हे पान नाहीये."

"मग काय आहे? फांदी?"

"नाही. हे कधी जिवंतच नव्हतं. दगडाला चीर पडते, चिरेतून पाणी झिरपतं, पाण्यात मँगनीज असतं. ते असं फाटे फुटत पसरतं आणि सुकतं. पाण्याचा डाग आहे हा. भल्याभल्यांना पान वाटतं."

मी तो पहिला दगड हातात घेऊन पाहिला. तेच पान होतं, देठासकट. ते पान नव्हतं. मी डोळे मिटून पुन्हा उघडले. पुन्हा पानच. आता माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की डॉक्टरांवर, हे मला आजतागायत नीट ठरवता आलेलं नाही.

"म्हंजे पाणी?" देवजीमामा पहिल्यांदा बोलले. "हे पाण्यानी काढलंय?"

"हो."

"मंग खाली पाणी हाय?"

"तसं नाही सांगता येणार. कधीतरी झिरपत होतं, एवढंच."

पण मामांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी माझ्या हातातला दगड घेतला, त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि तंबाखूची डबी काढली. कितीतरी दिवसांनी ती आधी माझ्यापुढे आली. मी तंबाखू खात नाही. तरी खाल्ली. मग बराच वेळ डोकं धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. "ते पान नव्हतं," मी सांगितलं.

"कुठलं पान?"

"विहिरीतलं. तुम्ही काम बंद ठेवायला सांगितलं होतं."

"मी?" ते दुखावले. "जे पान नाही, त्याच्यासाठी मी काम कशाला बंद ठेवीन?"

"तेव्हा ते पान होतं."

"आणि आता?"

"आता नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून नमस्कार करून निघालो. काम चालू करायला परवानगी मिळाली की नाही हे मला कळलं नाही. पण ते बंद करायचा हुकूम होता की नव्हता, हे तरी कुठे कळलं होतं? तिथून तसाच शेणव्याला गेलो. चंदर त्या विहिरीवर जेवत होता. मी भर उन्हात त्याच्यापुढे उभा राहून मनधरणी केली. तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "येतो साहेब. दोन सुरुंग इथलं झालं की येतो. पण तुमी काठावर नका उभं राहू."

तो आला. मी काठावर नाही, चांगला चार हात मागे, रंजिताच्या शेजारी उभा राहिलो. सुरुंग उडाले, पंकज आणि खालची माणसं उतरली, यारी घरघरू लागली. काळा दगड संपला आणि डब्यातून मऊ, करडी, चिखलासारखी खडी वर यायला लागली. चंदर डबा माझ्या बाजूलाच ओतत होता. खालून पंकजचा आवाज आला, "ओल हाय! मामा... नाय, बाबा, ओल हाय!" पोरगा इतका गोंधळला होता की स्वतःच्या बापाला मामा म्हणाला. सगळे काठाकडे धावले. माझ्यापुढे ओतलेल्या ढिगातली एक ओली खपली घसरत माझ्या पायाशी आली आणि पुस्तक उघडावं तशी उघडली.

आत पान होतं.

हे काळं नव्हतं. तपकिरी होतं. त्याला मधली शीर होती, शिरेपासून दोन्ही बाजूंना निघालेल्या उपशिरा होत्या, कडेला एका किड्याने खाल्ल्यासारखी खोबण होती. मी खाली बसलो आणि खपली दोन्ही हातांत घेतली. चिखल थंड होता. सोनालीमॅडमनी सांगितलेली प्रत्येक खूण तिथे होती. त्याच वेळी डोक्यावर जांभळाची फांदी हलत होती, आणि तिची पानं महिनाभर उघड्या विहिरीत पडत होती. हे तेव्हाचं पान होतं, की कालचं चिखलात दबलेलं? मी जांभळाच्या पानाकडे बघितलं, हातातल्या पानाकडे बघितलं, पुन्हा जांभळाकडे. सारखी दिसत होती. नव्हती दिसत. सोनालीमॅडम हव्या होत्या. भगीरथकाकासुद्धा चालले असते.

तोंड उघडलं की "थांबा" बाहेर पडणार होतं. समोर मामा विहिरीच्या काठावर पालथे पडून खाली बघत होते, "किती रे? किती?" असं विचारत होते, आणि खालून पंकज नुसताच हसत होता. रंजिता दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होती.

मी तोंड मिटलं. उन्हाने खपली सुकायला लागली तशी तिला कडेपासून भेगा पडू लागल्या. मी सावली केली, वाकून तिच्यावर छातीच धरली.

"जावई, बरं नाय का वाटत?"

धोंडीमामी कळशी घेऊन उभ्या होत्या. यारीच्या डब्यातून वर आलेलं पहिलं पाणी, गढूळ, करडं. त्यांनी ते सगळ्यांच्या आधी माझ्याकडे आणलं होतं.

"हात फुडं करा," त्या म्हणाल्या. "चिखलात माखलेत. धुवा आधी, नि मंग हे पाणी देवाला न्या."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या घराने पंधरा दिवस माझ्याशी धड शब्द टाकला नव्हता, आणि आता मामी कळशी तिरपी करून वाट बघत होत्या. हातात काय आहे ते सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मला येत नव्हतं, कारण हातात काय आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मी खपलीसकट ओंजळ पुढे केली. मामींनी पाणी ओतलं.